लॉगबुकात वीस, हातून चार

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स असलेल्या २७ वर्षांच्या मैत्रिणीने लिहिलं आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंग आणि प्रसूतीचा डिप्लोमा, एका खाजगी कॉलेजातून झालं. शिकतानाच्या कामाची नोंद ठेवायच्या लॉगबुकात तिच्या नावावर वीस बाळंतपणं आहेत, पण तिच्या स्वतःच्या हातून चारच झाली. बाकीच्या नोंदी मैत्रिणींच्या वह्यांवरून उतरवल्या आणि त्यांवर सह्या झाल्या. मागच्या महिन्यात रात्रपाळीला एक बाळ जन्मल्यावर रडेना. हिचे हात चालेनात. शेजारच्या वॉर्डातल्या सीनियर सिस्टर धावत आल्या, त्यांनी बॅग-मास्कने, म्हणजे तोंडावर मास्क धरून पिशवी दाबत, श्वास दिला आणि बाळ रडलं. तेव्हापासून हिला झोप नाही. एका खाजगी संस्थेने एक वर्षाचा ऑनलाइन 'इंटरनॅशनल मिडवाइफरी डिप्लोमा' (मिडवाइफ म्हणजे बाळंतपण करणारी प्रशिक्षित सेविका) देऊ केला आहे. फी १ लाख ८० हजार. १० हजार टोकन भरून झालं, उरलेले महिनाअखेरीला द्यायचे आहेत. पुण्यातला भाऊ म्हणतो, "इंग्लंडला जा, तिकडचं शिक्षण खरं." सीनियर सिस्टरनी सरकारी नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ कोर्सबद्दल सांगितलं, पण 'आपल्याकडच्या कोर्सला काय किंमत' असं हिला वाटतं. आई म्हणते, "सुईणच व्हायचं होतं तर एवढं शिकलीस कशाला?" तिचा प्रश्न: जगात मिडवाइफचं खरं शिक्षण कुठे मिळतं? की मी लेबर रूमच सोडून देऊ?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या वयाच्या कितीतरी मुली माझ्या हाताखालून शिकून गेल्या, म्हणून 'तू' म्हणते.

ते बाळ रडलं, दूध प्यायलं, आईबरोबर घरी गेलं. हे तूच लिहिलं आहेस, पण अर्ध्या ओळीत उरकलं आहेस. मला तिथे जरा थांबायचं आहे. सीनियर सिस्टर धावत आल्या त्या कोणाच्या हाकेने? तुझ्या. पहिल्या मिनिटात बाळाला श्वास मिळाला पाहिजे हे तुला ठाऊक होतं, आणि हात चालत नाहीत हे कळताच तू ओरडलीस. आपल्याला येत नाही हे झाकण्यासाठी गप्प राहिलेल्या नर्स मी पाहिल्या आहेत. त्या पाळीला असल्या की मला घरी झोप लागत नसे. तू त्यांच्यातली नाहीस, तेव्हा लेबर रूम सोडायचा विषय आधी बाजूला ठेवूया.

आता लॉगबुक. तू लिहितेस, "मी खोटी आहे." मी ट्यूटर असताना अशा वह्यांवर सह्या केल्या आहेत. परीक्षेचे फॉर्म भरायची तारीख जवळ यायची, टेबलावर वह्यांचा ढीग असायचा आणि प्रत्येक नोंद खरी की खोटी हे विचारण्याचं धैर्य माझ्यात नसायचं. विचारलं असतं तर अर्ध्या मुली परीक्षेला बसल्या नसत्या. हा माझा दोष आहे आणि त्याचं ओझं मी अजून वागवते. म्हणून तुला सांगायचा मला अधिकार आहे: ती वही तू एकटीने खोटी केलेली नाही.

साधा हिशेब कर. ६० मुलींचा वर्ग, प्रत्येकीला २० बाळंतपणं, म्हणजे १,२०० नैसर्गिक बाळंतपणं लागतात, आणि तीही अशी की शेजारी शिकवणारी बाई उभी आहे. त्याच रुग्णालयात आणखी दोन कॉलेजांच्या मुली येत असतील तर झाली ३,६०० ची गरज. त्यात इंटर्न डॉक्टर असतात, एएनएम या छोट्या नर्सिंग कोर्सच्या मुली असतात. सिझेरियन वजा करायची. रात्री दोन वाजता होणारी बाळंतपणंही वजा करायची, कारण त्या वेळी मुली हॉस्टेलवर असतात. मग हाताला येतं काय? दाराशी घोळका करून टाचा उंच करून पाहणं. मुलीला नर्सिंगला घालणाऱ्या आईवडिलांनाही मी हेच सांगते. कॉलेजची इमारत आणि बस नंतर पाहा. जोडलेल्या रुग्णालयात महिन्याला किती नैसर्गिक बाळंतपणं होतात आणि ती किती मुलींत वाटली जातात, एवढं आधी विचारा.

तुझ्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. खरं शिक्षण जगात कुठल्यातरी एका जागी ठेवलेलं आहे आणि तिकडून कागद आणला की ते आपलं होतं, असं तुला वाटतं. तसं नाही. मिडवाइफच्या शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय निकष मात्र आहेत. हेगला मुख्यालय असलेल्या इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्ह्ज, म्हणजे आयसीएम, या महासंघाने ते २०१० साली ठरवले आणि २०२१ मध्ये पुन्हा सुधारले. थेट प्रवेश घेणाऱ्या मुलीला किमान तीन वर्षं आणि आधीच नर्स असलेल्या तुझ्यासारखीला किमान १८ महिने शिक्षण हवं. त्यात निम्मा वाटा तरी प्रत्यक्ष कामाचा हवा. शिकवणारी स्वतः मिडवाइफ असावी आणि शिकवायला येण्याआधी तिने साधारण दोन वर्षं हे काम पूर्णपणे केलेलं असावं.

आता तुझा तो डिप्लोमा या निकषांवर धरून बघ. कालावधी एक वर्षाचा, म्हणजे १८ महिने नाहीत. सगळं ऑनलाइन, म्हणजे प्रत्यक्ष काम शून्य. ज्या आयसीएमचं नाव डिप्लोमा विकणारे माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापतात, तिच्याच कसोटीला तो उतरत नाही. आयसीएम कुणा व्यक्तीला मिडवाइफचा परवाना देत नाही. ती निकष ठरवते आणि एखाद्या शिक्षणक्रमाने स्वतःहून तपासणी करून घेतली तर त्याला मान्यता देते. काम करायचा परवाना त्या त्या देशाची परिषद देते. आपल्याकडे कुठलाही नर्सिंगचा कोर्स भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी बघायचं असतं.

भावाचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. इंग्लंड पूर्वी ज्यात होतं त्या युरोपीय संघाच्या नियमांत मिडवाइफ होणाऱ्या मुलीने स्वतःच्या हाताने किमान ४० बाळंतपणं करावीत असं स्पष्ट लिहिलं आहे. तेवढ्या बायका मिळाल्याच नाहीत तर ३० करावीत, पण मग आणखी २० ठिकाणी मदतनीस म्हणून असावं लागतं. शिवाय १०० गरोदर तपासण्या, १०० बाळंतिणी आणि त्यांच्या बाळांची देखभाल, जोखमीच्या ४० बायकांवर लक्ष. हे आकडे वाचताना माझ्या पोटात कालवलं. आमच्या मुलींना यातलं किती मिळालं?

पण आकड्याचं एक आहे. तो तुला वीसचा चटका देतो, तसाच चाळीसचा आधारही खोटा ठरू शकतो. शेवटच्या दहा मिनिटांत हातमोजे घालून येणं आणि डोकं बाहेर येताना हात लावणं, असं चाळीसदा केलं तरी मिडवाइफ होत नाही. तुझ्या चार बाळंतपणांबद्दल मला हेच विचारायचं आहे. त्या बायकांच्या कळा सुरू झाल्या तेव्हा तू होतीस का? पार्टोग्राफ, म्हणजे कळांची प्रगती नोंदवायचा तक्ता, तू भरलास का? वार पडेपर्यंत आणि पुढचा तासभर रक्त किती जातंय हे बघत बसलीस का? चारपैकी दोनदाही असं झालं असेल, तर तुझ्याजवळ तू समजतेस त्यापेक्षा जास्त आहे. न्यूझीलंडमध्ये शिकणारी मुलगी काही बायकांबरोबर गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत जाते, म्हणून तिला एकाच बाईची सगळी वाट दिसते. आमच्याकडे मुलीला वॉर्ड दिसतो, बाई दिसत नाही. शिक्षणात मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट ही आहे.

नुसते आकडे गाठायची घाई केली की काय होतं, यासाठी इंडोनेशियाची हकीकत सांगते. १९८९ साली त्या सरकारने ठरवलं, प्रत्येक गावाला एक 'बिदान', म्हणजे मिडवाइफ. हेतू अतिशय चांगला होता. सात-आठ वर्षांत ५० हजारांहून जास्त तरुण मुली गावोगाव पोचल्या. बहुतेकींना नर्सिंगनंतर जेमतेम एक वर्षाचं प्रशिक्षण मिळालेलं. गावात वर्षभरात बाळंतपणं मोजकी, त्यातलीही बरीच जुन्या सुईणीकडे, 'दुकुन'कडे जायची. हात बसायच्या आधीच शिकलेलं विसरायला लागलं. शिकलेल्या हातून होणारी बाळंतपणं वाढली, हे खरं. पण मातामृत्यू आशेइतके उतरले नाहीत. मग शिक्षण तीन वर्षांचं केलं, तर खाजगी अकादम्यांचं पीक आलं आणि त्यांच्या मुली पुन्हा रुग्णालयांत बाळंतपणांसाठी एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. २०१९ मध्ये त्यांना मिडवाइफरीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ही हकीकत वाचली तेव्हा मला आपलेच जिल्हे दिसत होते.

बांगलादेशाने २०१० मध्ये ३,००० मिडवाइफ तयार करायचं जाहीर केलं आणि पुढे तीन वर्षांचा स्वतंत्र डिप्लोमा सुरू केला. त्यांच्यापुढे लगेच प्रश्न आला, शिकवणार कोण? ज्यांनी स्वतः मिडवाइफ म्हणून कधी काम केलं नाही अशा नर्स ट्यूटर? तेव्हा स्वीडनच्या दालार्ना विद्यापीठाच्या मदतीने त्यांनी शिक्षिकांनाच शिकवलं. कुठल्याही कोर्सबद्दल हा प्रश्न जरूर विचार: मला शिकवणाऱ्या बाईंनी शेवटचं बाळंतपण कधी केलं?

इंग्लंडबद्दल दोन गोष्टी. तिथल्या परिषदेच्या नोंदवहीत नर्स आणि मिडवाइफ हे वेगवेगळे विभाग आहेत. आपल्या नोंदणीत 'नर्स आणि मिडवाइफ' असं जोडीने लिहिलेलं असलं तरी आपल्या मुली तिकडे बहुतेक करून नर्स म्हणूनच घेतल्या जातात. मिडवाइफ व्हायचं तर तुझं मिडवाइफरीचं शिक्षण आणि अनुभव त्यांच्या मापाला उतरायला हवा आणि त्यांच्या दोन्ही परीक्षा द्यायला हव्यात. नाहीतर नर्स म्हणून जाऊन तिथे नोंदणीकृत नर्ससाठीचा साधारण दोन वर्षांचा कोर्स करायचा. हा रस्ता लांबचा आहे, पण खरा आहे. तुझं मन तिकडे ओढ घेत असेल तर जा. फक्त 'तिकडे सगळं चांगलं' अशा समजुतीने जाऊ नकोस. २०२२ मध्ये तिथल्या श्रूजबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांवरचा ऑकेंडन अहवाल आला. चांगली देखभाल मिळाली असती तर २०१ बाळं आणि ९ माता वाचू शकल्या असत्या, असं त्यात म्हटलं आहे. कारणं वाचशील तर ओळखीची वाटतील: माणसं कमी, नोकरीत असताना प्रशिक्षण नाही, बायकांचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं नाही. शाळा उत्तम असली तरी ती शिकलेली बाई कुठल्या खोलीत, किती जणींबरोबर काम करते, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता आपल्याकडचा कोर्स, ज्याला तू किंमत देत नाहीस. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातून नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ हे पद आलं. शिक्षण १८ महिन्यांचं, म्हणजे आयसीएमने नर्ससाठी सांगितलेला किमान काळ. आधी शिकवणाऱ्या तयार केल्या. त्यांना सहा महिने परदेशी मिडवाइफ शिक्षिकांकडून शिकवायचं ठरलं. तेलंगणाने तर त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनबरोबर सुरुवात केली होती. तिथे गरज किती होती ते बघ: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तेलंगणात १०० पैकी जवळजवळ ६१ बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण तेव्हा २५ च्या वर होतं. आपला मातामृत्यूदर चांगलाच खाली आला आहे, २०१८ ते २०२० च्या आकड्यांनुसार लाख जन्मांमागे ३३. देशाचा तेव्हा ९७ होता. बायका दवाखान्यात पोचल्या, हे मोठं काम झालं. पण पोचल्यावर त्यांच्याजवळ कळांच्या त्या दहा-बारा तासांत कोण बसतं? पोट दाबू नका, गरज नसताना योनीमार्गाला काप देऊ नका, तिला उठून फिरू द्या, हे सांगायला तिथे कोण असतं? त्यासाठी ही मिडवाइफ हवी आहे.

तेव्हा तुझ्या तीन वाटांपैकी माझा कौल या कोर्सला आहे. मात्र डोळे झाकून नको. कंत्राटी नर्सला तुझ्या जिल्ह्यातून पाठवतात का, बाळंतपणाच्या अनुभवाची अट तुझी पूर्ण होते का, त्या काळात मानधन मिळतं का, बंधपत्र किती वर्षांचं, हे जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात आणि जिल्ह्याच्या माता-बाल संगोपन अधिकाऱ्यांकडे विचार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोर्स संपल्यावर मिडवाइफच्या हाती असलेल्या युनिटमध्ये नेमणूक मिळेल, की परत मेडिकल वॉर्डात टाकतील? शिकून आलेल्या मुलींना बदल्यांच्या चक्रात फिरवलं की १८ महिने पाण्यात जातात. हे तुझ्या एकटीच्या हातात नाही, पण विचारणाऱ्या जास्त झाल्या की उत्तर द्यावं लागतं.

कोर्स मिळेल तेव्हा मिळेल. रात्रपाळी तर परवाच आहे, म्हणून हे लगेच सुरू कर. त्या सीनियर सिस्टरकडे जा आणि मला लिहिलंस तेच त्यांना सांग: "माझ्या हातून चारच झाली आहेत." तोंडातून हे वाक्य निघायला जड जाईल. पण तुझ्या हाकेवर धावून आलेली बाई तुला हाकलून देणार नाही. त्यांच्या पाळीत लेबर रूम ड्यूटी माग, निदान तीन महिने. काही दिवस त्या करतील आणि तू बघशील. नंतर तू करशील, त्या बाजूला हात मागे बांधून उभ्या राहतील. एकटीने रात्रपाळी नको, हे इनचार्ज सिस्टरना लेखी दे. हा कमीपणा नाही, यात बायकांची सुरक्षा आहे. सरकारी रुग्णालयात काम करत असल्याने कुशल प्रसूती सहायिकेचं २१ दिवसांचं प्रशिक्षण मागता येतं. ते झालं नसेल तर अर्ज कर.

बॅग-मास्कची भीती सरावाच्या बाहुलीवरच जाते. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात मादाम द्यु कुद्रे नावाची मिडवाइफ होती. १७५९ मध्ये राजाने तिला देशभर फिरून शिकवायला पाठवलं. तिने कापडाचं गर्भाशय आणि कापडाचं बाळ शिवलं होतं आणि ते घेऊन गावोगावच्या हजारो बायकांना शिकवलं. लिहितावाचता न येणाऱ्या बायकांचे हात तिने त्या कापडावर तयार केले. तुझ्या जिल्ह्याच्या स्किल लॅबमध्ये त्याहून चांगली बाहुली असेल, आणि बहुधा ती कपाटात कुलूपबंद असेल. किल्ली माग. पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा: बाळ पुसणं, मान नीट ठेवणं, मास्क घट्ट बसवणं, छाती वर येते का बघणं. वर्षातून एकदा दिवसभर शिबिर करण्यापेक्षा हे कितीतरी जास्त टिकतं. सोबत दोघीतिघींना घे, कारण तुझ्यासारख्या वह्या त्यांच्याकडेही आहेत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या, थोडंच शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या बायकांकडे डिप्लोमा नव्हता. त्यांना हाताला धरून शिकवलं होतं आणि त्यांचं काम पुन्हा पुन्हा जाऊन तपासलं जात होतं.

आणि एक साधी वही घे, सहीशिवायची. प्रत्येक बाळंतपणाची नोंद त्यात कर. त्या बाईजवळ किती तास होतीस, कुठे अडलीस, शेजारी कोण होतं. पहिल्या पानावर पहिली चार लिही, तारखा आठवत असतील तर तारखांसह. ती वही कोणाला दाखवायची नाही.

आईंना काय सांगायचं? त्यांच्या डोळ्यांपुढे अंधाऱ्या खोलीतली, हात न धुतलेली, आणि तरीही गावाने तेवढ्यापुरती बोलावून नंतर दूर ठेवलेली सुईण आहे. त्या चुकीचं बोलत नाहीत. आपण त्या बाईला तसंच वागवलं. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर होताना प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी दहा दिवसांचं बाळ गमावलेली ती आई होती. हे आईंना सांगून बघ. नाहीच पटलं तर एखाद्या दुपारी त्यांना रुग्णालयात घेऊन ये, आणि तुझ्या बाळंतिणींपैकी एखादी तुला 'ताई' म्हणून हाक मारते ते ऐकू दे.

राहता राहिले ते १० हजार. महिनाअखेरीची वाट पाहू नकोस. संस्थेला आजच लेखी विचार: हा कोर्स भारतीय परिचर्या परिषदेच्या कुठल्या मंजुरीखाली आहे, प्रात्यक्षिक कुठल्या रुग्णालयात, आणि तो करून कुठल्या देशात मिडवाइफ म्हणून नोंदणी झालेल्या मुलीशी बोलता येईल? ईमेलवर उत्तर माग, फोनवर नको. उत्तर आलं नाही, किंवा गोल गोल आलं, तर टोकन परत मागायचा अर्ज दे, पावतीची प्रत जोड, आणि दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार कर. पैसे परत मिळोत न मिळोत, उरलेले १ लाख ७० हजार मात्र भरू नकोस.

तुझी,
सिस्टर मावशी